झोप न लागणारा पडदा

बॅटरी किती खर्च होते ते दाखवणारा, धड चालणारा मीटर प्रयोगशाळेत एकच होता. त्या दिवशी त्यावर दोन हात एकदमच पडले.

"मी आधी आले," ती म्हणाली.

"मी आधी पाहिला," तो म्हणाला. "दारातूनच."

"पाहिल्यानं वस्तू आपली होते?"

"नाही होत..." त्यानं हात मागे घेतला. नजर घ्यायची मात्र राहून गेली.

तो कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या ऑफिसातून थोड्या दिवसांसाठी आलेला. चालू उपकरणांना वेळेवर निजवून बॅटरी वाचवण्यात त्याचा हातखंडा, म्हणून सगळे त्याला 'अंगाई' म्हणत. आणि निजवायचं होतं ते तिचंच काम. घरोघर फिरणाऱ्या नर्सबाईंसाठी बनत असलेला टॅबलेट दुपारपर्यंतच मान टाकत होता. त्याची टचस्क्रीन चालवणारा, ड्रायव्हर म्हणतात तो प्रोग्रॅम तिनं लिहिलेला.

त्यानं तारा जोडल्या. पडदा काळा झाला, पण मीटरवरची रेघ काही खाली येईना.

"ड्रायव्हरबाई, तुमचा पडदा झोपेचं सोंग घेतोय."

"माझ्या लेकराला नावं ठेवू नका."

"लेकरू गुणी आहे हो. त्याला कुणीतरी झोपू देत नाहीये."

आता टॅबलेटच्या आत कर्नल नावाचा एक मूळ प्रोग्रॅम असतो, म्हणजे यंत्राच्या घरातलं कर्तं माणूस. ज्याला पडद्याशी काम असेल त्यानं कर्नलला सांगायचं, 'याला जागं ठेवा'. काम उरकलं की सांगायचं, 'माझं झालं'. शेवटच्यानं 'माझं झालं' म्हटलं की कर्नल पडद्याला निजवतो. पण एकजण जरी सांगायला विसरला, तर पडदा बिचारा रिकामाच ताटकळत बसतो आणि बॅटरी झिजत राहते. माणसाचं तरी काय वेगळं आहे? देवानं मन दिलं, पण ते निजवायची कळ तेवढी स्वतःजवळ ठेवली.

दोघं शेजारी बसून कोड वाचू लागले. तो एखाद्या ओळीवर बोट ठेवी, ती मान हलवी... इथे नाही. कागदी कपातला चहा निवून जाई. बोलणं मग कोडावरून लहानपणावर जाई, तिथून न आवडणाऱ्या भाज्यांवर, आणि परत यायला फार उशीर करी.

रोज दुपारी त्याच्या आईचा फोन येई.

"नाही गं आई, थोडं राहिलंय... डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करू ना. मी येतोच."

आई घरी एकट्या होत्या. मोतीबिंदू पिकलेला, आणि लेक आल्याशिवाय डॉक्टरांकडे जायचं नाही असा हट्ट. काम संपलं की त्याला जावंच लागणार, हे तिला कळलं. त्या दिवसापासून ती चूक सापडावी म्हणून शोधत होती, आणि सापडू नये म्हणून देवाला सांगत होती. देवाची पंचाईतच झाली असेल.

आणि एका सकाळी चूक सापडली. पडद्याशी बोलणं नीट झालं, तर तिचा कोड न चुकता 'माझं झालं' म्हणत होता. पण बोलणं फसलं, पडद्यातल्या चिपनं उत्तरच दिलं नाही, तर तो तसाच माघारी वळत होता. न बोलता.

तिनं वळून पाहिलं. तो आपल्या हातांकडे बघत होता.

"तुम्हाला हे दिसलं होतं."

त्यानं मान डोलावली.

"कधी?"

"आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर... त्याच संध्याकाळी गाडीत बसलो असतो."

तिचे कान तापले. रागानं की कशानं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"आई तिकडे चाचपडतायत, आणि तुम्ही माझी चूक पोटात घालून इथे बसलात?"

"रागावलात?"

"रागावलेय. आणि..." ती कीबोर्डकडे वळली.

ही चूक दोघांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हती. आणखी एक आठवडा गप्प बसलं तर विचारणारं कोण होतं? तिची बोटं कीबोर्डवर नुसतीच टेकून राहिली. मग डोळ्यांपुढे आल्या त्या कधीही न पाहिलेल्या आई, भिंतीला हात लावत फोनपर्यंत जाणाऱ्या. तिनं राहिलेली ओळ लिहिली. टॅबलेट पुन्हा सुरू केला, वाट पाहिली. पडदा काळा झाला. मीटरवरची रेघ घसरली आणि तळाशी जाऊन शांत पडली.

"निजला," तो हलकेच म्हणाला, पाळण्याशेजारी बोलावं तसं.

मग तो तारा गुंडाळू लागला. एकच तार पुन्हा पुन्हा.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "निजवण्याआधी सांगून ठेवावं लागतं ना, कुणाच्या हाकेला उठायचं ते?"

"हो. नाहीतर कुणीही बोलावलं तरी तो गपगार."

"मग ऐका..." ती थांबली. "ऐक. आईंचा डोळा नीट बरा होऊ दे, हवे तितके दिवस लागू देत. पण मी हाक मारली की ये."

त्याच्या हातातली तार सुटून भराभर उलगडली. ती उचलायचं त्याला सुचलं नाही.

"आणि मीच हाक मारली तर?" त्यानं विचारलं.

"मी निजलेलीच नसेन."