धुराड्यातला बूट

शेगडी निवडायला नेस्टाला एक दुपार पुरली; त्यापायी मुलाशी भांडण्यात मात्र सबंध ऑक्टोबर गेला. वेल्सच्या डोंगरात, पाटीच्या दगडाच्या घरात ती एकटी राहायची. उघड्या चुलाणाची सगळी ऊब धुराड्यातून वर पळायची आणि तिच्या वाट्याला खोकला उरायचा. कार्डिफहून मुलानं, येस्टिननं, फोनवर निक्षून सांगितलं होतं, नाताळच्या आत घर उबदार झालं नाही तर तिनं गुमान त्याच्याकडे यायचं. म्हणजे नातवाच्या खोलीत एका कोपऱ्यात, पाहुणी म्हणून! बाईचं डोकंच फिरलं. तिनं गावात शेगड्या बसवणाऱ्या गेथिनला बोलावलं.

येस्टिनला मोठी, भपकेबाज शेगडी हवी होती. गेथिन म्हणाला, लहान खोलीत मोठी शेगडी हवा कोंडूनच जाळावी लागते, आणि कोंडलेल्या जाळाचं डांबर धुराड्यात साचतं. नेस्टानं बुटकी, काळी, बिडाची घेतली. धुराडं जुनं, भेगाळलेलं, म्हणून आतून पोलादी नळी सोडायचीही ठरली.

कामाच्या दिवशी भरदुपारी धुकं दाराशी येऊन बसलं होतं. नळीला जागा व्हावी म्हणून गेथिन चुलाणात वाकून आतली दगडी कड फोडत होता. काजळीचा लोट आला आणि पाठोपाठ एक बूट खाली पडला. डाव्या पायाचा, चामड्याचा, चार-पाच वर्षांच्या पोराचा. अंगठ्याशी झिजलेला.

गेथिननं हात पँटला पुसले.

"मावशी, हा परत वर ठेवायला हवा. वरून काही... उतरू नये म्हणून ठेवायचे पूर्वी."

"कुठं ठेवतोस? कड तर तू फोडलीस."

 ओल्या राखेचा आंबूस वास खोलीभर पसरला. नेस्टानं बूट उचलून चुलाणाच्या बाजूला ठेवला आणि गेथिनला छपरावर पिटाळलं.

गेथिननं वरून दोर सोडला. दोराला नळीचं तोंड बांधलेलं. त्यानं वरून नळी सोडायची आणि तिनं खालून हळूहळू ओढायचं. थोडी नळी आली आणि अडली. नेस्टा दोर सोडून अंगणात गेली आणि तिनं वर हाक मारली, की अडकलंय रे. धुक्यातून त्याचा आवाज आला.

"कुठं अडकलंय? चांगली येतेय. पण जरा दमानं ओढा, मावशी, हात सोलवटतोय माझा."

तेवढ्यात धुकं जरा विरळ झालं आणि त्याला ती दिसली. अंगणात, रिकाम्या हातांनी.

 गेथिनच्या मुठीतून नळी तरीही सरकतच होती... खर्र... खर्र... खाली.

गेथिन शिडीवरून घसरतच उतरला. चेहरा पिठासारखा. उद्या भावाला घेऊन येतो म्हणाला, पण तो येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि तो आला नाही तर दुसरं कोण येणार होतं? नेस्टाला कार्डिफची ती खोली दिसली आणि भीतीपेक्षा संताप वर आला. चाळीस वर्षं या घराचं ओझं वाहिलं, नवऱ्याला इथूनच शेवटचा निरोप दिला, आणि आता धुराड्यातलं कुणीतरी तिला हुसकावणार?

"तू वर जा," ती म्हणाली. "खालचं मी बघते."

ती आत गेली. दोर ताणलेला होता, थरथरत होता. गुडघे टेकून तिनं धुराड्याच्या अंधारात तोंड घातलं. वरून थंड श्वास आल्यासारखा वारा आला.

"हे बघ," ती हळू आवाजात म्हणाली, "राहायचं तर राहा. मी काही जाणार नाही. गारठला असशील तर खाली येऊन शेक. पण माझं काम अडवलंस तर बघ... ओढायचंय ना? मग सरळ ओढ."

तिनं दोर धरला. दोराच्या वरच्या टोकाला कुणीतरी होतं, हे तिला हाताला कळत होतं. तिनं तो सोडला नाही. नळी सुरसुरत खाली आली.

संध्याकाळी शेगडी पेटली. काय ओढ होती धुराड्याची! धुराचा एक कण खोलीत नाही. गेथिन चहाही न घेता गेला. तिनं तो बूट शेगडीसमोर वाळत ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. पहिल्यांदाच छाती मोकळी वाटली.

येस्टिनचा फोन आला. घर कसं उबदार झालंय ते तिनं मिरवून सांगितलं. तो तरी हेका सोडेना. ऊब ठीक आहे गं आई, पण तू तिथं एकटी, त्याचं काय?

नेस्टानं शेगडीकडे पाहिलं. बूट दोन होते. उजवा ओला होता, त्यातून वाफ निघत होती. दोन्हींची टोकं जाळाकडे.

"एकटी कुठं रे?" ती म्हणाली. "मी काही येत नाही."

फोन ठेवून तिनं मान वळवली. बुटांची टोकं आता तिच्या खुर्चीकडे होती. तिनं पाय वर घेतले नाहीत. घोंगडी गुडघ्यांवर ओढली आणि शेगडीत आणखी एक लाकूड सारलं.