लॉर्डसाहेबांचं पान

हसू नका, एवढंच मागणं आहे. मी इतिहासाचा माणूस, पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. आणि इथे पुरावा म्हणावा असं काही नाही. माझाच माझ्यावर पुरता विश्वास नाही.

त्या दिवशी अविधवा नवमी होती. अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, मुलाच्या घरी, मी माझ्या बायकोचं, प्रतिमाचं श्राद्ध करायला बसलो. खरं तर सत्यजितनं बसायचं, पण त्याची मीटिंग लांबली. "बाबा, तुम्ही स्टार्ट करा, मी जॉइन होतो," तो वरूनच ओरडला. लॅपटॉपच्या पडद्यावर गुरुजी होते. बाहेर स्वच्छ दुपार. मला एकच हवं होतं: तिच्या पानाला कावळा शिवावा. शेवटच्या दुखण्यात तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ती उपाशीच गेली.

तर्पण संपत आलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "काका, ज्यांच्या मागे पाणी द्यायला कोणी नाही असं कुणी मनात असेल, तर त्यांचंही नाव घ्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "लॉर्ड वेदरकोट."

गुरुजींनी विचारलं, "गोत्र?"

"माहीत नाही."

"मग काश्यप म्हणा."

एकोणिसाव्या शतकातला हा इंग्लिश उमराव. लंडनला पार्लमेंटात बसून हिंदुस्थानचा कारभार बघणारा. त्याचं चरित्र लिहिण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. दुष्काळात छावण्यांतला शिधा यानं निम्म्यावर आणला. म्हणाला, हिंदी माणसाचं पोट सवयीनं लहान होतं. स्वतः त्यानं उपाशी माणूस कधी पाहिला नव्हता. मी मात्र लिहिलं, त्याला त्याच्या काळाच्या मापानं मोजावं. निपुत्रिक मेला, किताबही त्याच्याबरोबर बुडाला. मी जेवायला उशिरा आलो की प्रतिमा विचारायची, "झालं का लॉर्डसाहेबांचं? आता आम्ही बसू?"

तिचं पान मी घरामागच्या लाकडी डेकवर ठेवलं. भात, वरण, खीर, तिला आवडायच्या त्या अळूवड्या. काचेचं दार लावून आत उभा राहिलो. कावळा आला, कठड्यावर बसला, मान वाकडी करून पानाकडे बघितलं... आणि काहीतरी पाहून दचकल्यासारखा उडाला.

मग डेकच्या फळ्यांवर काठी वाजली. टक... टक... सावकाश, घाई कधी करावी न लागलेल्या माणसाची चाल. दाराच्या फटीतून ओल्या लोकरीचा वास आला. बाहेर कोणी नव्हतं. पण पानातला भात कमी होत होता.

"बाबा! आईचं पान शिवलं की!" सत्यजित खाली येऊन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"कावळा तो बघ, तिकडे," मी म्हटलं. शेजाऱ्यांच्या बास्केटबॉलच्या रिंगवर तो बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

"मग स्क्विरल असेल. चालतं यार, बाबा. टेन्शन नका घेऊ."

पान पुसल्यासारखं स्वच्छ होतं. एका कोपऱ्यात तेवढा मूठभर भात उरला होता. सांडलेला नव्हता. मापात भरून, वरून सपाट करून, उपडा केलेला. कुणासाठी तरी काढून ठेवलेला.

ती मूद मी ओळखली. छावणीतल्या त्या निम्म्या शिध्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे.

तेव्हापासून मी रोज तिच्यासाठी पान मांडतो. रोज मूद लहान होत जाते. सत्यजित म्हणतो, डॉक्टरांकडे जाऊ या. जाऊ या, मीही म्हणतो.

काल पानात एकच शीत होतं. मी ते बघत उभा होतो, आणि मागे स्वयंपाकघरात रिकाम्या पातेल्याच्या तळाला पळी घासल्याचा आवाज आला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"झालं का लॉर्डसाहेबांचं...?"

आवाज तिचाच. टोमणा मात्र त्यात नव्हता. नुसती भूक होती.

आज मी भात दुप्पट लावलाय. नाव मी घेतलं होतं, परत कसं घ्यायचं ते गुरुजींनाही सांगता येत नाही. अजून कुकरची शिट्टी झालेली नाही... पण डेकवर काठी आत्ताच वाजली. ऐकलीत ना तुम्हीही?