शंभर टक्के हजेरी

यावर विश्वास ठेवा, असा माझा हट्ट नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

हजेरीचा तो मेल अजून माझ्याकडे आहे.

तारीख ९ सप्टेंबर २०२५. मंगळवार. रात्र नव्हती... लख्ख सकाळ होती.

मी गौरवी. डिचोली तालुक्यातलं नार्वे हे माझं गाव. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंगचं काम करायचे. पाच वर्षं घरूनच केलं. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि बाबा.

बाबांनी तीस वर्षं फेरीबोटीवर खलाशी म्हणून काढली. अलीकडे मात्र त्यांना विसर पडायला लागला होता. जेवलो की नाही, आठवत नसे. बाजारात गेले की घरची वाट सापडत नसे.

मला तेवढं विसरले नाहीत.

मी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, लॅपटॉप घेऊन बसायचे. दर अर्ध्या तासाने ते दारात यायचे.

"बाय, आसा गे?"

आमच्याकडे मुलीला बाय म्हणतात.

"आसां, बाबा."

मी आहे, एवढं ऐकलं की निवांत आत जायचे.

जुलैत मेल आला. ऑगस्टपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायचं. कार्ड लावलं की गेट उघडणार, त्यावरून हजेरी लागणार.

मी अर्ज केला. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं. दोन ओळींचं उत्तर आलं. नियम सगळ्यांना सारखे.

"माझ्या हातात काही नाही गं," माझे मॅनेजर अजय सर फोनवर म्हणाले. "वरूनच आलंय."

सर बंगळुरूला. बाकीची टीम हैदराबादला. पुण्यात मी एकटी. दिवसभर कानाला हेडफोन लावून त्यांच्याशी बोलायचे. घरी करत होते तेच काम.

फक्त दारात कुणी येत नव्हतं.

बाबांजवळ गंगाला ठेवलं. बेळगावकडची, मायाळू बाई. गणपतीच्या चवथीला मी दोन दिवस घरी आले. निघताना बाबांनी माझा हात धरला.

"खंय वता?"

"ऑफिसात."

"फेरी वता गे थंय?"

बस चुकेल म्हणून मी घाईत होते.

"वता, बाबा," फेरी तिथं जाते असं ठोकून दिलं आणि हात सोडवून घेतला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, त्या मंगळवारी, साडेअकराला गंगाचा फोन आला. ती नुसतीच रडत होती.

ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात बाबा घराबाहेर पडले होते. धक्क्यावर जाऊन फेरीत बसले. "बायच्या ऑफिसांत वतां," असं फेरीवरच्या खलाशाला सांगितलं. तो ओळखीचाच, हसला. फेरी पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली... बाबा बाकावर मान टाकून बसलेले. सगळ्यांना वाटलं, डोळा लागलाय.

मी बारा वाजता ऑफिसातून निघाले.

घरी पोचले तेव्हा बाबांना ओसरीवर ठेवलं होतं. पायांत चपला नव्हत्या.

बाराव्याच्या दिवशी मेल आला. हजेरी शंभर टक्के, अभिनंदन.

मला वाटलं, चुकून आला असेल. खाली तक्ता होता, तो उघडला...

९ सप्टेंबर. बाहेर, बारा वाजून दोन मिनिटं. आणि लगेच खाली... आत, बारा वीस.

त्यानंतर रोज. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. माझ्याच कार्डाचा नंबर.

मी धावत जाऊन पर्स उघडली.

कार्ड आतच होतं.

पुण्याला परतले, तर गेटवरचे वॉचमन सखाराममामा स्वतःहून पुढे आले. मूळचे कोल्हापूरचे.

"ताई, वडलांना असं एकटं पाठवू नका ओ."

मी कार्ड लावता लावता थांबले.

"रोज येत्यात. अनवाणी. पाय वल्ले. तुमच्या खुर्चीशेजारी बसून ऱ्हात्यात. निघताना मी हाक मारली की 'बाय, बाय' म्हंत्यात. मला वाटलं, टाटा करत्यात..."

मी माझ्या जागेकडे निघाले, तर मामाही मागोमाग आले.

"मी सांगितलं, ताई गावाला गेल्यात. तर मान हलवली. म्हणाले, घरात ना. बाय ऑफिसात आसा." आमच्या बोलीत ना म्हणजे नाही.

त्या दिवशी मी जागेवरून उठले नाही. जेवायलाही नाही. सात वाजेपर्यंत बसले. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवडाभर वाट पाहिली. मग राजीनामा दिला आणि नार्व्याला आले. वाटलं, मी घरी आले की बाबाही येतील.

घर गप्प होतं. नुसतं गप्प.

डिसेंबरात मामांचा फोन आला.

"ताई, तुमच्या जागी नवी पोरगी बसत्या. ती जागा बदलून मागतीया. शेजारची फरशी रोज वल्ली हुत्या म्हंती. पुसली तरी..."

"मामा, बाबा अजून तिथंच आहेत. त्यांना सांगा ना, मी घरी आलेय."

"सांगितलं की. पर त्यास्नी माझी भाषा कळत न्हाई वाटतं."

मग मी फोनवरच मामांना आमच्या बोलीतलं एक वाक्य शिकवलं. बाय घरा आयल्या. त्यांनी चार वेळा म्हणून पाहिलं. रडू आवरत मी त्यांना दुरुस्त करत होते.

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला.

"सांगितलं ताई. लई हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला... आन् निघाले."

ती पंधरा डिसेंबर. फरशी त्या दिवसापासून कोरडी आहे.

आज फेब्रुवारी संपत आला. मी रोज बाल्कांवात बसते. दार उघडं ठेवते.

बाबा आलेले नाहीत.

परवा न राहवून मी मामांना विचारलं, "गेटातून निघून ते कुठल्या बाजूला गेले?"



"डावीकडं वळले, ताई."

गावाकडची बस मिळते तो स्टँड उजवीकडे आहे.