‘ॲड’ लिहायचं राहिलं

अंधार पडलाय, म्हणून सांगतो. नेटवर्कच्या स्विचवर काम करताना घाई करू नका, पोऱ्हो. हसू नकोस रे योगेंद्र, मोबाईल ठेव खाली! आमच्या ललितचं सांगतोय, भो. माझ्याच हाताखाली शिकला तो. खोटं असेल तर जीभ झडो माझी.

दोन हजार तेवीसचा दिवाळी पाडवा. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागे कापड रंगवायची एक डाइंग मिल आहे, नाव नाही सांगणार. सुट्टीत मशीनं बंद, तेवढ्यात नेटवर्कचं काम उरकायचं होतं. ललित वर स्विचच्या खोलीत, त्याचा मेहुणा सागर खाली रोलरपाशी केबल लावत होता.

"दाजी, आटपा लवकर. सकाळी भाऊबीज, ताई ओवाळायला वाट बघेल," सागर फोनवर म्हणाला.

व्हीलॅन म्हणजे काय? एकाच नेटवर्कचे वेगळे भाग. एकाच चाळीतली वेगळी बिऱ्हाडं. ऑफिसचं वेगळं, मशीनचं वेगळं. ट्रंक म्हणजे सगळ्यांचा एकच जिना. त्यावर नवं बिऱ्हाड चढवताना कमांडच्या लाईनीत ‘ॲड’ लिहावंच लागतं. नाही लिहिलं, तर जुनी सगळी बाहेर.

त्याआधी दोन वर्षं, याच मिलमध्ये, ललित ते लिहायला विसरला होता. मशीनचं नेटवर्क तुटलं. आणि रोलर थांबवायचं बटण त्या दीडशहाण्या मालकानं नेटवर्कवरच ठेवलेलं! निंबा नावाचा कारागीर, रंगकामानं हात कायम निळे, डावा हात अडकून आत ओढला गेला आणि मेला. वर ऑफिसात माणूस बटण दाबतच राहिला. ललितनं मागाहून गुपचूप लाईन दुरुस्त केली आणि तोंड मिटून घेतलं. लोक म्हणाले, निंबाच दारू प्यायला असेल. त्याच्या बायकोला ते ऐकून घ्यावं लागलं. मला अजून संताप येतो.

तर त्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटं. ललितनं ‘ॲड’ लिहिलं. दोनदा वाचलं. एंटर दाबलं.

स्क्रीनवर ‘ॲड’ नव्हतं.

खाली विजेचा मेन स्विच बंद होता... आणि रोलर फिरला.

"दाजी! हात... माझा हात..."

ललितनं शेजारच्या ऑफिसातलं रोलर थांबवायचं बटण दाबलं. काही नाही. लाईन पुन्हा लिहिली. तो शब्द पुन्हा गायब. फोनमधून हाडं मोडल्याचा आवाज... कडाकड. मग किंकाळी. मग...

ललित खाली धावला. सागर कोपरापर्यंत आत. भिंतीवर रक्ताचा सडा. रोलर ओढतोच आहे. ललित गुडघ्यांवर पडला.

"निंबाभाऊ, चूक माझी होती! तुमची नव्हती! सगळ्यांना सांगतो! सोडा त्याला!"

रोलर थांबला.

सागर जगला, पण हात कोपरातून तुटला होता. डॉक्टर जोडतील या आशेनं ललितनं रोलर हातानं उलटा फिरवला, अंधारात लागलं ते पिशवीत भरलं, वर कॅन्टीनमधला बर्फ ओतला आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरनं पिशवी उघडली. मग ललितच्या मागं दाराकडे बघितलं.

"बीजो पेशंट क्यां छे?" म्हणजे, दुसरा पेशंट कुठं आहे?

पिशवीत दोन हात होते. दोन्ही डावे. सागरचा गार पडलेला. दुसरा, रंगानं निळा झालेला, अजून गरम होता.