मापाड्याने कान झाकले

"काही सांगू नका! एक अक्षरही नको!"

दवाखान्याच्या उपाहारगृहात एका उंच, कुरळ्या केसांच्या माणसाने चहाचा कप टेबलावर आदळला आणि दोन्ही हातांनी कान झाकले. समोर बसलेली ती बघतच राहिली. बिचारीने केलं काय होतं? गर्दीत त्याला बसायला जागा व्हावी म्हणून कुबड्या बाजूला घेतल्या होत्या आणि सहज म्हटलं होतं, "माझं गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय. इथल्या संशोधनाच्या ट्रायलमध्ये नाव घातलं, तर माझ्या वाट्याला आलं..."

तिथेच तो किंचाळला होता.

"अहो, मी त्याच ट्रायलमध्ये माप घेतो," कानांवरचे हात हळूच काढत तो म्हणाला. "निम्म्या लोकांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांना आधी नुसते व्यायाम. कोणाच्या वाट्याला काय आलं ते मला कळता कामा नये. कळलं की मन झुकतं... आणि मनाबरोबर मापही झुकतं."

"म्हणून आम्ही मापाच्या दिवशी दोन्ही गुडघ्यांवर ते जाड मोजे चढवायचे?"

"म्हणूनच. टाके दिसायला नकोत, आणि नाहीत हेही दिसायला नको."

"मग तुमच्याशी बोलायचं तरी कशावर?"

"गुडघा सोडून जगात पुष्कळ काही आहे की..." तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

तिने मनातल्या मनात त्याचं नाव मापाडी ठेवून टाकलं. घरी जाऊन वहिनीला सांगितलं, तर वहिनी पोट धरून हसली. ही ट्रायल वहिनीनेच शोधली होती. दवाखान्याची वेबसाइट धुंडाळून, दोन-तीन ठिकाणी फोन करून, नणंदेला हाताला धरून ती इथे घेऊन आली होती. ट्रायलच्या समन्वयक ताईंनी अटी सांगितल्या होत्या, त्यातली एक अशी की या गुडघ्याला आधी कधीच इजा झालेली नसावी.

"झालीये का कधी?" ताईंनी विचारलं होतं.

"छे!" ती म्हणाली होती. वहिनीनेही मान डोलावली, कारण तिला तरी कुठे ठाऊक होतं?

झाली होती. कॉलेजात असताना व्हॉलीबॉलच्या सामन्यात हाच गुडघा मुरगळला, टम्म सुजला. दादाने तिचं खेळणं बंद केलं असतं, म्हणून हिने पट्टी बांधून सामना पुरा केला आणि घरी अवाक्षर काढलं नाही. आता ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. मुली मैदानावर आणि बाई बाकावर, हे तिला बघवत नव्हतं. इथले डॉक्टर नावाजलेले, त्यांच्या हाती गेलं की पाय पुन्हा उभा राहील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ते एक 'छे' तोंडातून किती सहज निघून गेलं!

मग मापाचे दिवस येत गेले. मापाडी बुटक्या स्टुलावर बसायचा, मोज्यावरून कोनमापक लावायचा. बोटं गार, आवाज मऊ.

"वाकवा... अजून थोडा... दुखतंय?"

"सांगू? चालेल?"

"दुखतंय एवढं सांगितलं तर चालतं," तो हसायचा. "भुवया मात्र आवरा. त्या फार बोलतात."

"तुम्ही गुडघा मोजताय की भुवया?"

तो खाली मान घालून आकडा लिहायचा आणि लिहिता लिहिता हसू दाबायचा. तिला ते दिसायचं. मग घरी जाईपर्यंत तिला पाय दुखतोय याची आठवणच राहायची नाही.

एकदा ती त्याला चिडवत होती, "कान झाकून ओरडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला." तो हसला नाही. म्हणाला, "लोक हसतात, हसू देत. पण इथे कोणी खोटं बोललं ना, तर उद्या कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर चुकीचा इलाज होईल. त्याला बिचाऱ्याला कळणारही नाही की कोणामुळे."

तिचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून तिला आरशातही स्वतःकडे धड बघवेना. तो प्रेमाने पाहायचा आणि ती शरमेने चूर व्हायची. याला आवडतेय ती कोण? खरं बोलणारी कुणीतरी. ती मी नव्हेच.

पुढच्या मापाला ती आली, तर स्टुलावर भलत्याच बाई. मापाडी नाही.

कळलं त्याला! कुठून तरी कळलं, आणि आता त्याला माझं तोंडही बघायचं नाही. माप उरकून ती तडक ताईंच्या खोलीत गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली. ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या चष्मा पुसत राहिल्या.

"उपचार थांबणार नाहीत तुझे," त्या म्हणाल्या. "तुझे आकडे धरायचे की नाही ते समिती ठरवेल. पण आधी सांगायला हवं होतंस गं."

"हो. आणि ते... माझ्यामुळेच गेले ना?"

"तुझ्यामुळेच. पण त्याचं तो सांगेल, मला मध्ये घेऊ नका."

तो जिन्याच्या वळणावर उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"मीच सोडलं तुमचं माप," तो खाली बघत म्हणाला. "मागच्या वेळी आकडा छान आला. खात्रीसाठी पुन्हा मोजला तर कमी भरला. मला... पहिलाच लिहावासा वाटला."

"लिहिलात?"

"नाही. पण वाटलं ना! ज्याला असं वाटतं, त्याने मोजू नये. लाज वाटली मला. तुम्ही बऱ्या व्हाव्यात असं मला जरा जास्तच वाटतं... फार जास्त."

तिचे डोळे भरून आले. एवढ्याशा मोहाची याला लाज! आणि आपण?

"थांबा," ती म्हणाली. "माझं ऐका, मग ठरवा." आणि तिने सांगितलं, काहीही न लपवता. त्याचा चेहरा उतरत गेला, तरी ती थांबली नाही.

"राग आलाय मला," तो म्हणाला.

"यायलाच हवा."

"ताईंना सांगितलंत?"

"आत्ताच. तुमच्या आधी. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही मला पाठीशी घातलं असतं."

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. राग होताच डोळ्यांत, पण तो तिथून हलला नाही.

जिना उतरताना तिचा पाय लटपटला. त्याने दंड पुढे केला. तिने हात ठेवला, पण नुसता टेकवला. एवढं सांगितल्यावर भार टाकायचा कुठल्या तोंडाने?

"टाकू का वजन?" तिने हळूच विचारलं.

"टाक," तो म्हणाला.