बावीस दगडांचा वाफा

कंदील जरा बारीक कर, नंदू. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये दात काढलेले मला चालत नाहीत. मरोळच्या मार्कस गवंड्याची गोष्ट आहे. गेल्या वर्षीची, सत्तावन्न सालची. वीस वर्षं आम्ही एकत्र चुना कालवला, तो माझ्याशी खोटं बोलणार नाही.

अंधेरीला एका डॉक्टरीणबाईंनी बंगल्यापुढे बाग करायला काढली. त्यांना नवा दगड नको. "जुना, इथलाच, शेवाळ धरलेला आण," म्हणाल्या. तेव्हा मरोळ गावठाणातली विहीर रस्त्यासाठी बुजवत होते. मार्कसने तिच्या कठड्याचे बावीस काळे दगड उचलले. सवयीप्रमाणे प्रत्येकावर चुन्याने आकडा टाकला आणि बागेत त्याच क्रमाने गोल लावले. एकालाही छिन्नी लावावी लागली नाही, असा झकास सांधा बसला! आत लाल माती, मातीत गुलाब. गवंडीच तो, काढलेलं जसंच्या तसं बसवायचं एवढंच त्याला ठाऊक. आपण काय उभं केलं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी वाफ्यातली माती हातभर खचलेली. गुलाब गायब.

मार्कसचा संशय माळ्यावर, बाळावर. बाळाचा मार्कसवर. पुन्हा भरली, पुन्हा खचली. बाई भडकल्या. "मार्कस, माझी झाडं कोण पळवतंय ते मला कळतं. आणखी एकदा असं दिसलं तर पोलिसात देईन."

आता सोमवारी त्याच्या जोसेफीनचं लग्न! बाप चोर म्हटल्यावर वरपक्ष दारात उभा राहील का रे? बिचाऱ्याची झोपच उडाली.

शनिवारी, नऊ नोव्हेंबरला, रात्री तो राखणीला बसला. पुनव होऊन दोनच दिवस झालेले, चांदणं लख्ख. समोर बाळा, काठी घेऊन. दोघांचे डोळे एकमेकांवर.

"झोप ना तू," बाळा म्हणाला.

"म्हणजे तुला रान मोकळं! आधी तू झोप."

असं दोन वाजेपर्यंत चाललं. जागचं कोणी हललं नाही. हे ध्यानात ठेवा. कोणीच नाही.

मग एक गुलाब कलला.

वारा नव्हता.

दुसरा कलला. तिसरा... आत गेला.

"बाळा..."

"मी इथंच आहे रे, मार्कस."

माती खाली चालली. आणि खालून आवाज. भांडं दगडाला लागतं तसा. टण्... मग पाणी. बुडबुड... मग दोर ओढल्याचा. कोणीतरी काठाशी उभं राहून ओढतंय...

काठाशी कोणी नव्हतं.

बाळा पळाला. मार्कसही पळाला असता, पण लेक आठवली त्याला. पहार घातली आणि दगड उचकटला. एकच. गोल मोडला.

सगळं गप्प.

सकाळी बाळानेच बाईंपुढे शपथ घेतली, मार्कसने मातीला हात लावला नाही म्हणून. बाईही घाबरल्या. दगड सुटे करून पायवाटेला लावून घेतले. सुटला बिचारा, असं मलाही वाटलं.

रविवारी संध्याकाळी उंबराचं पाणी. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरीच्या न्हाणाचं पाणी आणतात. विहीर तर बुजली, म्हणून नळावर निघाल्या. मीही होतो. मार्कसच्या बायकोने, एमिलियावहिनींनी, घागर नळाखाली ठेवली. नळ फिरवला.

थेंब नाही.

बायका कुजबुजायला लागल्या. मार्कसचं तोंड उतरलं. "चला परत," म्हणून वहिनी घागर उचलायला वाकल्या.

घागर उचलेना.

मी हात दिला. जड. आत बघितलं... काठोकाठ पाणी. बोट घातलं तर हाडापर्यंत गार.

वाजंत्री थांबली. मार्कस माझ्याकडे बघत राहिला. 

घरून निघताना ती घागर मीच उपडी करून पुसली होती.