कुर्तच्या डोक्यावरचं पांढरं

हे लिहिणार नव्हतोच, खरं सांगतो. एक साप जेवला, एवढीच तर गोष्ट. त्यात काय लिहायचं? पण तो का जेवत नव्हता हे मदीने आणि तोग्झानने ज्या पद्धतीने शोधून काढलं, ते राहून गेलं असतं तर मलाच चैन पडली नसती. म्हणून लिहितोय.

तर नवरोजची, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाची, सुट्टी लागली होती. अल्माटीत बर्फ वितळून गल्लीत नुसता चिखल. आणि मदी आपल्या खोलीत चिमट्यात उंदराचं एक मेलेलं पिल्लू धरून बसला होता. ते फ्रीजमध्ये गोठवलेलं असतं, ते पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचं. चांगलं कोमट झालं की सापाला वाटतं, आहे काहीतरी जिवंत. हे सगळं त्याच्या मित्राने, आर्त्योमने शिकवलं होतं. चिमटा कसा हलवायचा तेसुद्धा.

सापाने एकदा जीभ बाहेर काढली. मग डोकं मध्ये घालून त्याने स्वतःचा गोळा करून टाकला.

"झालं. परत कुर्त," तोग्झान म्हणाली. ती वरच्या मजल्यावर राहायची आणि सुट्टीत खालीच असायची.

कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, मुलं खिशात घालून फिरतात ते. हा अजगराच्या जातीतला छोटा साप घाबरला की तसाच गोळा होतो, म्हणून आर्त्योमने त्याचं नाव कुर्त ठेवलं होतं. कारण साप मुळात आर्त्योमचा. त्याच्या बाबांची बदली कारागांडाला झाली, तिथल्या घरमालकाने साप नको म्हटलं, आणि जाताना आर्त्योमने डबा मदीच्या हातात दिला. रडला नाही, पण चेहरा बघवत नव्हता. तिथे पोचल्यापासून त्याचा एकच मेसेज येत होता, "जेवला का?" मदीने अजून उत्तर दिलं नव्हतं. काय देणार?

त्यात आईने ठणकावून सांगितलं होतं. फ्रीजमध्ये घोड्याच्या मांसाच्या सॉसेजशेजारी उंदीर ठेवलेत तेसुद्धा तिने सोसलं. पण या घरातून मीटर बघायला आलेला माणूससुद्धा घासभर खाल्ल्याशिवाय जात नाही, आणि एक जीव आपल्याच छपराखाली उपाशी? शाळा उघडेपर्यंत जेवला नाही तर बाजाराजवळच्या दुकानात देऊन यायचा. मग तो कुणाच्या घरी जाईल, कुणास ठाऊक.

मदी झाकण लावत होता तेवढ्यात तोग्झान म्हणाली, "थांब. त्याच्या डोक्यावर काय आहे?"

पांढरा, वाळलेला डाग होता. मदीने बोटाने पुसून वास घेतला. आंबूस.

"ताक आहे हे," तो म्हणाला.

"साप ताक पितो?"

"साप ताक पीत नाही. आणि प्यायला तरी डोक्याने पिईल का?"

मग दोघांना आठवलं की सकाळी झाकणाची खिटी उघडीच होती. आदल्या दिवशीही. मदीला वाटलं होतं आपणच विसरलो. म्हणजे कुणीतरी गुपचूप येत होतं. पण सणाच्या घरात पाहुण्यांची रांग, संशय घ्यायचा तरी कुणाचा?

तोग्झानचं डोकं अशा वेळी भारी चालतं. तिने पॅसेजमध्ये उभं राहून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की वर टेकडीवर अजून बर्फ आहे, आम्ही तिथे घसरायला चाललोय, उशिरा येऊ. दोघांनी बूट घातले, दार उघडलं आणि जोरात आपटलं. फक्त आतून. मग बूट हातात घेऊन मोज्यांवर मदीच्या खोलीत, खिडकीच्या पडद्यामागे.

आधी आली आई.

हातात काटा, काट्याला उकडलेल्या मांसाचा तुकडा. तिने झाकण काढलं आणि लाडाने म्हणाली, "खा रे बाळा. कुणी बघत नाहीये." कुर्तचा गोळा झाला. आईने उसासा टाकला, तुकडा स्वतःच खाल्ला आणि झाकण नुसतंच वर टेकवून ती गेली. तोग्झानने हसू दाबायला बूट तोंडावर धरला. बूट ओला होता.

थोड्या वेळाने आले ओराझ आजोबा. मदीच्या बाबांचे काका, सणासाठी गावाहून आलेले. त्यांच्या हातात वाटी. त्यांनी वाटीत बोट बुडवून कुर्तच्या डोक्यावर पांढरे थेंब सोडले आणि अगदी अदबीने म्हणाले, "रागावू नकोस. आमच्याकडून तुला काही त्रास नाही. वाट मोकळी आहे, जा बाबा." आणि त्यांनी चक्क गॅलरीचं दार उघडलं.

डोंगरावरच्या बर्फावरून येणारा गार वारा सरळ आत आला. कुर्तने मान डब्याबाहेर काढली.

"आजोबा, दार लावा. तो मरेल," मदी पडद्यामागूनच म्हणाला.

आजोबांच्या हातून वाटी सुटली. पडदा बोलला म्हटल्यावर कुणाच्याही सुटली असती. तोग्झानने धावत जाऊन दार लावलं, मदीने कुर्तला हलकेच उचलून डब्यात ठेवलं, आणि आवाज ऐकून आई परत आली. काटा हातातच.

आजोबा खजील झाले होते. त्यांनी सांगितलं, गावाकडे घरात साप शिरला तर मारत नाहीत. डोक्यावर पांढरं ओततात, दूध, ताक, जे असेल ते, आणि मानाने बाहेर काढतात. आल्यापासून रोज ते हेच करत होते आणि हा काही जाईना. एवढा हट्टी साप आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे.

मदी आजोबांना उलटून कसं बोलणार? पण तोग्झान म्हणाली, "आजोबा, ते आपणहून शिरलेल्या सापाला. हा शिरलेला नाही. याला मदीने बोलावून आणलंय."

आजोबांनी दाढी खाजवली.

"म्हणजे हा पाहुणा," ते म्हणाले.

"पाहुणाच."

"आणि पाहुणा जेवल्याशिवाय त्याला काही विचारायचं नसतं. त्याला त्रास द्यायचा नसतो." ते आईकडे वळले. "सूनबाई, काटा घेऊन कुणाच्या मागे लागायचं नसतं."

आईचे कान लाल झाले. मदीला मजा वाटत होती, तोवर तोग्झान त्याच्याकडे वळली. "आणि तू? दर तासाला झाकण उघडून भूक लागली का बघतोस. मी असते तर मीही जेवले नसते."

हे मात्र लागलं त्याला. आर्त्योमनेही बजावलं होतं की नव्या घरी आला की त्याला आधी एकटं सोड. मदीनेच धीर धरला नव्हता.

त्यांनी कोमट फडक्याने कुर्तचं डोकं पुसलं, लपायच्या खोक्यात ठेवलं, खाली ऊब आहे ना पाहिलं आणि खोली बंद केली. दाराबाहेर स्टूल टाकून ओराझ आजोबा बसले. सणाची टोपी घालून. साप बघायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, आत पाहुणा विश्रांती घेतोय, तुम्ही चहा घ्या. मदीलासुद्धा फक्त पाणी बदलायला सोडायचे, आणि लवकर बाहेर ये म्हणायचे.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी मदीने पुन्हा पिल्लू कोमट केलं. खोलीत मंद उजेड. मागे तोग्झान, तिच्या मागे आई, दारात आजोबा. कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

खोक्याच्या तोंडाशी एक नाक दिसलं. जीभ. पुन्हा जीभ. चिमटा किंचित हलला. कुर्तची मान हळूहळू आखडून वाकडी झाली, आणि मग काही दिसायच्या आत चिमटा रिकामा होता. पिल्लाभोवती वेटोळी पडली होती.

"बिस्मिल्ला म्हण रे," आई कुजबुजली. कुणाला म्हणाली कळलं नाही.

कुर्त सावकाश गिळत होता, डोक्याकडून, जबडा एकदा इकडे एकदा तिकडे सरकवत. सगळं पोटात गेलं तेव्हा आजोबांनी दोन्ही तळवे वर करून मुलांना आशीर्वाद दिला. म्हणाले, पाहुण्याला ओळखायला मी म्हातारा चुकलो, तुम्ही नाही चुकलात. आईने फ्रीजमधला उंदरांचा डबा सरळ सॉसेजच्या वर ठेवला. याहून मोठी कबुली तिच्याकडून कुणी मागितली नसती.

मदी गॅलरीत गेला आणि आर्त्योमला फोन लावला. जेवला, एवढं सांगितलं. पलीकडून आर्त्योम म्हणाला,

"तू उत्तरच देत नव्हतास. मला वाटलं मेला."

हे मदीच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने मग सगळं सांगितलं, ताक, काटा, स्वतःचं सारखं झाकण उघडणंसुद्धा. आर्त्योम हसला शेवटी. म्हणाला, आता दोन दिवस त्याला उचलू नकोस, ओकेल.

"नाही उचलणार," मदी म्हणाला. "आणि ऐक. पुढच्या वेळी तो जेवला तर सांगेनच. पण नाही जेवला ना, तर त्याच संध्याकाळी सांगेन. शप्पथ."